‘एस्केप’ : सुटलें कीं सोडलें ?

गेल्या पंधरवड्यांत आमच्या ओळखीचे एक किराणा-भुसार मालाचे व्यापारी प्राप्तिकर खात्याची एक इंग्रजी नोटीस हातांत घेऊन आमचेकडे आले. दुकान वडिलोपार्जित, वह्या चोख, परंतु इंग्रजीशीं परिचय बेताचाच. सबब कॉलेजांत जाणाऱ्या चिरंजीवांनीं नोटिशीचा अर्थ त्यांस घरींच सांगून ठेविला होता. तो असा कीं, “बाबा, तुमचें कांहीं उत्पन्न पळून गेलें आहे असें सरकार म्हणतें.” शेटजींनीं नोटीस आमच्या मेजावर ठेविली व विचारलें, “वकीलसाहेब, पळालें तर गेलें कोठें? माझ्या गल्ल्यांत तर तें नाहीं. आणि पळालें तेव्हां पहाऱ्यावर कोण होतें?”

आम्ही हंसलों, चहा मागविला, व कायद्याचें कलम त्यांस समजावून सांगितलें. तथापि ते गेल्यावर त्यांचा दुसरा प्रश्न कांहीं केल्या आमच्या डोक्यांतून जाईना. नोटिशींतला शब्द ‘एस्केप’ हा होता. शाळेंतल्या तिसऱ्या-चौथ्या इयत्तेंतील मुलासही तो ठाऊक असतो. तुरुंगांतला कैदी, पिंजऱ्यांतला वाघ, टाकींतला वायु, कालव्यांतलें पाणी, अपघातांतून बचावलेला उतारू, ओठांतून निघून गेलेला शब्द, ऐन वेळीं न आठवणारें नांव आणि आमच्या शेटजींचें उत्पन्न, ह्या सर्वांच्या मागें इंग्रज हें एकच क्रियापद लावून मोकळा होतो. जें गेलें त्याचा उल्लेख त्यांत असतो. ज्याच्या हातून गेलें त्याचा बहुधा नसतो. पहाऱ्यावर कोण होतें, हें हा शब्द आपण होऊन कधींच सांगत नाहीं. आणि आमच्या मतें ह्या शब्दाविषयीं विचारण्यासारखा प्रश्न काय तो हाच आहे.

शब्दाचें मूळ मोठें गमतीचें आहे. लॅटिन भाषेंत ‘एक्स’ म्हणजे बाहेर व ‘काप्पा’ म्हणजे अंगावरची झूल किंवा डगला. पाठलाग करणाऱ्यानें डगला धरला, धरलेल्यानें अंग आंखडून तो तसाच त्याच्या हातांत राहूं दिला व आपण पसार झाला. ह्या डगल्यांतून बाहेर पडण्यापासून जुन्या फ्रेंचमार्गें इंग्रजीचा ‘एस्केप’ निघाला, असें व्युत्पत्तिकार सांगतात. आमच्या मराठींत ह्याच प्रसंगाला ‘हातावर तुरी देणें’ असें म्हणतात. तेथें हातांत डगला राहतो, येथें तुरी राहतात, एवढाच काय तो भेद. मात्र एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. मूळ लॅटिन चित्रांत डगला धरून आ वासून उभा राहिलेला मनुष्य होता. इंग्रजींत शब्द रुळतां रुळतां तो मनुष्य पुसला गेला. मराठी म्हणींत तो अद्याप शाबूत आहे. ‘पोलिसांच्या हातावर तुरी देऊन कैदी पसार’ असा मथळा वाचतांना आपणांस कैद्याच्या आधीं पोलिसांचा हात दिसतो.

मराठींत ‘एस्केप’ ला एक शब्द नाहीं, ह्याबद्दल आमचे कांहीं सुशिक्षित मित्र हळहळतात. आम्हांस त्यांत हळहळण्याजोगें कांहींच दिसत नाहीं. जिवावरच्या प्रसंगांतून मनुष्य वाचतो किंवा बचावतो. पकड सैल पडली म्हणजे निसटतो. पायांच्या बळावर पळतो. वॉरंट निघाल्यावर फरारी होतो. पाणी फटींतून झिरपतें, भांड्यांतून गळतें, बांध फोडून बाहेर पडतें. जकात चुकवितात, तगादेवाल्यास टाळतात, आणि मरण मात्र कोणास चुकत नाहीं. ह्या प्रत्येक शब्दांत बोलणाऱ्याचा न्याय आधींच झालेला असतो. ‘बचावला’ म्हणणारा त्या मनुष्याच्या बाजूचा, ‘निसटला’ म्हणणारा त्याच्या चलाखीचें थोडें कौतुक करणारा, आणि ‘फरारी’ म्हणणारा फौजदारी कोर्टांतला हें कोणीही सांगेल.

ह्या सर्वांचा राजा म्हणजे ‘सुटणें’. बैल दाव्याचा सुटतो, गाडी स्टेशनांतून सुटते, शाळा पांच वाजतां सुटते, सायंकाळीं वारा सुटतो, परीक्षेच्या खोलींत घाम सुटतो, पंगतींत तोंडाला पाणी सुटतें, कोडें सुटतें, आणि वर्षभर अंथरुणाला खिळलेला म्हातारा गेला म्हणजे शेजारीपाजारी ‘सुटला बिचारा’ म्हणून निःश्वास टाकतात. पण ह्या शब्दाचें खरें वैभव त्याच्या जोडीदारांत आहे. तुटणें-तोडणें, फुटणें-फोडणें, फाटणें-फाडणें, तसें सुटणें-सोडणें. पहिल्यांत गोष्ट आपोआप घडल्यासारखी दिसते. दुसऱ्यांत ती घडविणारा उभा असतो. घरोघर हें व्याकरण आया मुलांना शिकवितात. मूल म्हणतें, “आई, बशी फुटली.” आई म्हणते, “फुटली कीं फोडलीस?” आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्या मराठी मनुष्याला बशीच्या बाबतींत हा प्रश्न विचारतां येतो, त्यानें तो धरणाच्या, कारखान्याच्या, तुरुंगाच्या आणि सरकारी दप्तराच्या बाबतींत विचारण्यास लाजूं नये.

येथें इतिहासांतील कांहीं प्रसंगांची नोंद करणें अवश्य आहे, कारण शब्दांची परीक्षा तेथेंच होते. सन १६६६ च्या ऑगस्टांत शिवाजीमहाराज आग्ऱ्याच्या पहाऱ्यांतून बाहेर पडले. इंग्रजी इतिहासकार ह्यास ‘एस्केप’ म्हणतात, व औरंगजेबाच्या दरबाराच्या दृष्टीनें तो शब्द बरोबरही आहे. मराठी माणूस मात्र तीनशें वर्षें ह्यास ‘आग्ऱ्याहून सुटका’ असेंच म्हणत आला. पलायन म्हटलें तर पळणारा दोषी व पकडणारा हक्कदार ठरतो. सुटका म्हटलें म्हणजे बांधणें हाच अन्याय होता असें गृहीत धरलें जातें. इतका मोठा राजकीय निकाल आमच्या पूर्वजांनीं एका शब्दांत देऊन टाकला.

तारीख ८ जुलै १९१० रोजीं सावरकरांनीं मार्सेय बंदरांत ‘मोरिया’ बोटीच्या खिडकींतून समुद्रांत झेंप घेतली व पोहत ते फ्रान्सच्या भूमीवर पोहोंचले. तेथें एका फ्रेंच शिपायानें त्यांस धरून इंग्रज पहारेकऱ्यांच्या हवालीं केलें. हें प्रकरण हेगच्या लवादासमोर गेलें, आणि १९११ च्या फेब्रुवारींत लवादानें असा निकाल दिला कीं, हवालीं करण्यांत अनियमितपणा झाला खरा, तथापि कैदी परत देण्यास ब्रिटिश सरकार बांधलेलें नाहीं. वकिलीच्या दृष्टीनें आम्हांस ह्या निकालाइतका दुटप्पी निकाल क्वचितच आढळला आहे. परंतु प्रस्तुत मुद्दा निराळा. ज्या कृत्यास इंग्रजी कागदपत्र पळण्याचा प्रयत्न म्हणतात, त्यास मराठींत सुटका म्हणतां येत नाहीं, कारण सुटका झाली नाहीं. आणि पलायन म्हणावें तर जीभ वळत नाहीं. लोकांनीं ‘उडी’ हा साधा शब्द उचलला व तोच इतिहासांत राहिला.

१९४२ च्या दिवाळींत जयप्रकाश नारायण व त्यांचे सोबती धोतरांना गांठी मारून हजारीबागच्या तुरुंगाच्या भिंतीवरून उतरले. १९४३ च्या जुलैंत वसंतदादा पाटील व त्यांचे सोबती सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, दादांस गोळी लागली व ते पुन्हां पकडले गेले. हेच वसंतदादा पुढें १९७७ सालीं महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. सांगलीकडचा शेतकरी ‘दादा तुरुंगांतून पळाले’ असें म्हणत नाहीं. ‘दादांनीं तुरुंग फोडला’ असें म्हणतो. म्हणजे येथेंही फुटणें नव्हे, फोडणें. कायद्याच्या पुस्तकांत मात्र आग्रा, मार्सेय, हजारीबाग, सांगली आणि परवां कोर्टाच्या व्हरांड्यांतून बेडी सैल करून निघून गेलेला पाकिटमार ह्या सर्वांना शब्द एकच.

आतां कायद्याकडे वळूं. हा आमचा धंदाच असल्यामुळें येथें थोडें लांबण लागेल, वाचकांनीं क्षमा करावी.

१८६० च्या दंडसंहितेंतील २२४ वें कलम कायदेशीर अटकेंतून निसटणाऱ्या आरोपीस दोन वर्षांपर्यंत शिक्षा सांगत असे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत तेंच २६२ वें कलम होऊन बसलें आहे. हें सर्वांस माहीत असतें. त्याच्या अगोदरचें कलम मात्र फार थोड्यांस माहीत असतें. जुनें २२३ वें व नवें २६१ वें कलम ज्याच्या हयगयीमुळें कैदी निसटला त्या सरकारी नोकरास दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची शिक्षा सांगतें. आणि जाणूनबुजून सोडणाऱ्यास याहून कडक कलमें आहेत. हा क्रम आकस्मिक नाहीं. जुन्या इंग्रजी कायद्यांत ‘एस्केप’ हें नांव कैद्याच्या गुन्ह्याइतकेंच तुरुंगाधिकाऱ्याच्या गुन्ह्यालाही होतें. अठराव्या शतकांतील प्रसिद्ध कायदेपंडित ब्लॅकस्टन ह्यानें अधिकाऱ्याच्या ह्या गुन्ह्याचे दोन प्रकार सांगितले आहेत : एक मनापासून होऊं दिलेला, दुसरा गाफिलपणानें झालेला. व्यापारी वाचकांस त्याहूनही रुचेल अशी एक गोष्ट आहे. त्या काळीं कर्जदारास कर्जापायीं कैदेंत ठेवीत. आणि असा कर्जदार शेरीफाच्या ताब्यांतून निसटला, तर सावकार शेरीफावरच दावा करून आपली रक्कम त्याच्याकडून वसूल करी. कैदी गेला, पण सावकाराचा पैसा बुडाला नाहीं. कारण ‘पहाऱ्यावर कोण होतें’ ह्या प्रश्नाचें उत्तर कायद्यानें नांवानिशीं लिहून ठेविलें होतें. म्हणजे आमच्या शेटजींनीं विचारलेला प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. तो इंग्लंडच्या कायद्यांत शतकानुशतकें विचारला जात होता.

पुढें यंत्रांचा काळ आला, आणि निसटणारी वस्तु माणूस न राहतां पाणी, वाफ आणि वायु झाली. लँकेशायरांत रायलंड्स नांवाच्या गिरणीवाल्यानें आपल्या गिरणीकरितां तलाव बांधविला. तलावाच्या तळाशीं जुन्या बुजलेल्या खाणींचीं तोंडें होतीं; कंत्राटदारांनीं तीं नीट बंद केलीं नाहींत. १८६० च्या डिसेंबरांत तलाव भरतांच पाणी त्या वाटेनें शेजारच्या फ्लेचर ह्याच्या कोळशाच्या खाणींत शिरलें. गिरणीवाल्याची स्वतःची हयगय शाबीत होईना. तेव्हां न्यायमूर्ति ब्लॅकबर्न ह्यांनीं १८६६ सालीं असें तत्त्व घालून दिलें कीं, निसटल्यास उपद्रव करील अशी वस्तु जो आपल्या जमिनीवर आणून सांठवितो, त्यानें ती आपल्या जोखमीवर सांठवावी. ती निसटली तर हयगय असो वा नसो, भरपाई त्यानेंच केली पाहिजे. १८६८ सालीं लॉर्डांच्या सभेनें तो निकाल कायम केला, मात्र जमिनीचा वापर नेहमींचा नसून अस्वाभाविक असला पाहिजे अशी अट घातली. कांहीं असलें तरी पाणी सुटलें असें म्हणून गिरणीवाल्यास सुटतां आलें नाहीं. पुण्याच्या लोकांनीं १२ जुलै १९६१ रोजीं हाच अनुभव घेतला आहे. त्या दिवसाची आठवण सांगतांना पुणेकर ‘पाणी आलें’ एवढें म्हणून थांबत नाहींत; ‘पानशेत फुटलें’ असें धरणाचें नांव घेऊन म्हणतात. तें फुटलें कसें, हा पुढचा प्रश्न त्या नांवांतच येतो.

परंतु एखाद्या शब्दावर न्याय टांगून ठेवण्यांत धोकाही असतो, हें सांगितल्याशिवाय हा निकाल नुसता वाखाणणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १९४२ सालीं इंग्लंडांतील एका दारूगोळ्याच्या कारखान्यांत तोफगोळा फुटला व तेथें तपासनीस म्हणून कामावर असलेली रीड नांवाची स्त्री जखमी झाली. तिनें लायन्स कंपनीवर दावा केला. १९४६ सालीं लॉर्डांच्या सभेनें तो फेटाळला. कारण? स्फोट कारखान्याच्या आंतच झाला, त्या आवाराबाहेर कांहीं गेलें नाहीं, सबब ‘एस्केप’ झालाच नाहीं ! कुंपणापलीकडे असती तर भरपाई मागण्याचा तिला अधिकार पोहोंचला असता. कुंपणाच्या आंत पोट भरण्याकरितां उभी होती म्हणून पोहोंचला नाहीं. कामगाराचें अंग हें कारखान्याच्या आवाराचाच एक भाग, असा ह्या निकालाचा अर्थ आम्ही काढला तर आमच्या बॅरिस्टर मित्रांनीं रागावूं नये.

आणि मग भोपाळ. १९८४ च्या डिसेंबरच्या २ व ३ तारखांमधील रात्रीं युनियन कार्बाइडच्या कारखान्यांतील ६१० क्रमांकाच्या टाकींतून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायु झोंपलेल्या वस्त्यांवर पसरला. सरकारनें प्रथम मान्य केलेला मृतांचा आंकडा २,२५९ होता, पुढें मध्य प्रदेश सरकारनें तो ३,७८७ केला, आणि तेथील लोक त्याहून पुष्कळ अधिक सांगतात. वर्तमानपत्रांनीं त्या वेळीं लिहिलें व अजून लिहितात तें असें : वायु ‘सुटला’, वायूची ‘गळती झाली’. आम्हीही तसेंच लिहितों, दोष आमच्याकडेही आहे. परंतु वस्तुस्थिति पाहा. टाकी थंड ठेवणारें यंत्र कित्येक महिने बंद ठेविलें होतें. बाहेर पडणारा वायु जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीकरितां तोडलेल्या नळीमुळें निरुपयोगी होता. वायु धुऊन निरुपद्रवी करणारें यंत्र चालू स्थितींत नव्हतें. हीं तिन्ही यंत्रें बंद असतां वायु सुटला म्हणणें म्हणजे पिंजऱ्याचें दार, अंगणाची भिंत आणि गांवची वेस हीं तिन्ही उघडीं टाकून वाघ निसटला म्हणण्यासारखें आहे.

ह्या प्रकरणांत ‘एस्केप’ शब्दाचा दुसराही अर्थ अनुभवास आला. कंपनीचा अमेरिकन अध्यक्ष वॉरन अँडरसन ७ डिसेंबर रोजीं भोपाळास आला, त्यास अटक झाली, त्याच दिवशीं जामीन झाला, आणि सरकारी विमानांतून तो दिल्लीस व तेथून स्वदेशीं गेला. पुढें १९९२ सालीं भोपाळच्या न्यायालयानें त्यास फरारी जाहीर केलें. तो कधींच परत आला नाहीं. २०१४ सालीं अमेरिकेंत वारला. येथें आम्ही वाचकांस त्या आईचाच प्रश्न विचारतों. सरकारी विमानांत बसून जाणाऱ्या मनुष्यास फरारी म्हणणें व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे काय? तो सुटला कीं त्यास सोडलें? कंपनीशीं १९८९ सालीं ४७ कोटि डॉलरांवर तडजोड झाली. २०१० सालीं तिच्या भारतीय अधिकाऱ्यांस हयगयीच्या गुन्ह्याबद्दल दोन वर्षांची सजा झाली व जामीनही लगोलग मिळाला. भरपाई वाढवून मिळावी म्हणून केंद्र सरकारनें केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयानें मार्च २०२३ मध्यें नामंजूर केला.

भोपाळनें कायद्याच्या भाषेंत एक सुधारणा मात्र घडवून आणली, व तिचें श्रेय दिल्लींतील दुसऱ्या एका दुर्घटनेस आहे. १९८५ च्या डिसेंबरांत श्रीराम कंपनीच्या कारखान्यांतून ओलियम वायु बाहेर पडला. एम. सी. मेहता ह्यांच्या अर्जावर सरन्यायाधीश भगवती ह्यांच्या अध्यक्षतेखालील पीठानें १९८६ च्या अखेरीस निकाल दिला. रायलंड्सच्या निकालास काळानुसार बरेच अपवाद चिकटले होते : दैवी आपत्ति, परक्या इसमाचें कृत्य, कायद्यानें दिलेली परवानगी वगैरे. भोपाळांत कंपनी ‘कोणा नाराज कामगारानें मुद्दाम टाकींत पाणी सोडलें’ असेंच सांगत होती, म्हणजे हाच परक्याचा अपवाद. सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, एकोणिसाव्या शतकांतील परक्या देशाच्या ह्या नियमानें आम्ही बांधलेले नाहीं. जो धोक्याचा धंदा करून नफा मिळवितो त्याची जबाबदारी पूर्ण आहे, तीस अपवाद नाहीं, आणि ती कारखान्यांत काम करणाऱ्यांविषयीं व आसपास राहणाऱ्यांविषयीं सारखीच आहे. रीडबाईंच्या वेळीं कुंपणाशीं अडलेला न्याय येथें कुंपण ओलांडून आंत आला. इतकें असूनही ७ मे २०२० रोजीं विशाखापट्टणाजवळच्या कारखान्यांतून स्टायरीन वायु पसरून बारा माणसें दगावलीं, तेव्हां हरित न्यायाधिकरणाच्या पहिल्या हुकुमांत जुनी, अपवाद असलेलीच संज्ञा वापरली गेली, व जाणत्या वकिलांस त्याची आठवण करून द्यावी लागली. जुने शब्द लेखणींतून असे सहज सुटत नाहींत.

ह्या शब्दाचीं इतर निरुपद्रवी घरेंही आहेत. घड्याळांत दांतेरी चाकास एकेक दांत पुढें सुटूं देणारी जी योजना असते तिला इंग्रजींत ह्याच धातूवरून नांव आहे. तेथें चाक सुटतें, पण सोडणारा लंगर दर टिकटिकीला हजर असतो. पृथ्वीचें ओढणें तोडून जाण्यास सेकंदाला सुमारें ११.२ किलोमीटर वेग लागतो, त्यालाही ह्याच शब्दाचें नांव आहे. आमच्या मेजावरील संगणकाच्या कोपऱ्यांतही ह्या नांवाची एक कळ आहे, ती १९६० च्या सुमारास बॉब बेमर ह्यानें सुचविली. साहित्यांत मात्र ह्या शब्दानें उगाच भांडणें लावलीं. आमच्याकडे फडके-खांडेकरांच्या काळीं ‘पलायनवादी’ ही शिवी झाली होती. टोल्किन नांवाच्या इंग्रज पंडितानें १९३९ सालच्या एका व्याख्यानांत ह्यास चांगलें उत्तर दिलें आहे : कैद्याचें सुटणें आणि पळपुट्या शिपायाचें पळणें ह्या दोन गोष्टी टीकाकार एकत्र करितात, असें त्याचें म्हणणें. मराठी टीकाकारास हा घोटाळा करण्याचें मुळींच कारण नव्हतें. दोन्हींकरितां शब्द निराळे होते. इंग्रजी टीकेचें भाषांतर करतांना तो आम्हीं आयात केला.

परंतु व्यापारी वाचक वाट पाहत असतील ती प्राप्तिकराची. ‘आकारणींतून सुटलेलें उत्पन्न’ ही कल्पना १९२२ च्या कायद्याच्या ३४ व्या व १९६१ च्या कायद्याच्या १४७ व्या कलमांत आली आहे. सामान्य व्यापाऱ्यास वाटतें कीं, ही नोटीस म्हणजे चोरीचा आरोप. तसें नाहीं. कर चुकविणें निराळें, कायद्याच्या मर्यादेंत राहून टाळणें निराळें, आणि आकारणींतून सुटणें हें तिसरेंच. उत्पन्न दडविल्यामुळें सुटेल, तसेंच अधिकाऱ्याच्या नजरेंतून सुटेल, बेरजेंत सुटेल, किंवा कायद्याचा अर्थ लावण्यांत सुटेल. इंग्रजी शब्दांत हे सर्व प्रकार एकाच पोत्यांत भरले आहेत. सुदैवानें न्यायालयांनीं पोत्याचें तोंड उघडून पाहिलें. कलकत्ता डिस्काउंट कंपनीच्या खटल्यांत, जो निकाल १९६१ च्या रिपोर्टांत आहे, सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, मूळ हकीकती पूर्ण व खऱ्या सांगणें एवढेंच करदात्याचें काम. त्यांवरून अनुमान काढणें हें अधिकाऱ्याचें काम, आणि तें अनुमान चुकलें तर त्याचें खापर करदात्यावर फोडतां येत नाहीं. १९६१ च्या कायद्यांतही पुष्कळ वर्षें अशी तरतूद होती कीं, पुरी तपासणी होऊन चार वर्षें लोटल्यावर प्रकरण पुन्हां उघडावयाचें, तर करदात्यानें कांहीं महत्त्वाची हकीकत सांगितली नव्हती असें दाखवावें लागे. म्हणजे पुन्हां तेंच : सुटलें कोणाच्या हातून?

मराठी भाषा ह्या बाबतींत सोज्ज्वळ आहे असा आमचा दावा नाहीं. ‘चूक झाली’, ‘विलंब झाला’, ‘गळती झाली’, ‘फाइल गहाळ झाली’ हीं वाक्यें कोणी इंग्रजांनीं आम्हांस शिकविलीं नाहींत. तीं आमच्याच कारकुनांच्या टांकांतून निघालीं. जोडीचें दुसरें क्रियापद भाषेंत आहे, पण तें वापरण्यास छाती लागते. म्हणून आमची सूचना फार लहान आहे. जिल्हा व तालुका कोर्टांतले भाषांतरकार, सरकारी पत्रकें काढणारे अधिकारी आणि आम्ही वर्तमानपत्रवाले ह्यांनीं ‘एस्केप’ चें भाषांतर करतांना तोंडाशीं आलेला पहिला शब्द न लिहितां क्षणभर थांबावें व ताबा कोणाचा होता तें त्याच वाक्यांत लिहावें. ‘अमुक तुरुंगाच्या पहाऱ्यांतून कैदी निसटला’, ‘अमुक कंपनीनें सांठविलेला वायु बाहेर आला’, एवढें पुरे. दोष कोणाचा तें न्यायाधीश ठरवितील. ताबा कोणाचा तें मात्र बातमीदारासही ठाऊक असतें.

शेटजींच्या नोटिशीचें उत्तर आम्हीं तयार करून दिलें. ज्या रकमेविषयीं शंका होती ती त्यांच्या मूळ पत्रकाला जोडलेल्या मालसाठ्याच्या यादींत, तिसऱ्या पानावर, लिहिलेली निघाली. यादीवर खात्याच्या पोहोंचेचा शिक्काही होता. उत्तरांत आम्हीं लिहिलें कीं, सदर उत्पन्न कोठेंही गेलेलें नसून तें सुरुवातीपासून आपल्याच दप्तरांत आहे. शेटजींनीं मसुदा मराठींत ऐकून घेतला, सही केली, आणि निघतांना चिरंजीवांस म्हणाले, “बघ, पळालें नव्हतें. त्यांच्याच कपाटांत बसलें होतें.” पुढील महिन्याच्या नऊ तारखेस सुनावणी आहे.